घुमटाखालचा शब्द

"हे चार कोपरे कोणाचे?"

डबा खाऊन झाला की सर हा प्रश्न विचारायचे. त्यांचा डबा प्लास्टिकचा आणि चौकोनी होता, भाजीची वाटी स्टीलची आणि गोल. दोन्ही धुऊन, रुमालाने कोरडी करून, ते वाटी डब्याच्या तोंडावर पालथी घालायचे. ती नेमकी चारी बाजूंच्या मधोमध टेकायची. मग डबा समोरच्याकडे सरकवायचे आणि उघडे राहिलेले कोपरे एकेक करून बोटाने दाखवायचे.

समोर कधी ग्रंथपाल असायचे, कधी ऑफिसातले बाबू. बहुतेक वेळा मी.

"सर, डबा तुमचा. कोपरे पण तुमचेच," बाबू म्हणायचे.

सर हसायचे नाहीत. "घुमट गोल, खोली चौकोनी," ते म्हणायचे. "घुमटाचं ओझं जमिनीत जायचं कुठून? हे कोपरे कोणीतरी भरायला पाहिजेत."

यवतमाळच्या बाहेर, जिथे वस्ती संपून शेतं लागतात, तिथे आमचं खाजगी पॉलिटेक्निक आहे. मी सर्व्हेइंग शिकवते. सर माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे. ते इमारतींचं ड्रॉइंग शिकवायचे, आणि त्याच विषयाच्या शेवटी जुन्या इमारतींवर एक लहानसा धडा होता. अभ्यासक्रमात त्याला एक तास दिलेला. सर त्याला आठवडा लावायचे. परीक्षेत त्यावर फार तर एक टीप यायची, तीही सोडून दिली तरी पास होता यायचं. पण तुमच्याही शाळेत किंवा कचेरीत असा एखादा माणूस असेलच, की ज्याचा जीव सगळ्या कामातल्या एका कोपऱ्यात अडकलेला असतो आणि बाकीचं काम तो त्या कोपऱ्याची वाट बघत करतो. सरांचा कोपरा हा होता.

शब्द होता पेन्‌डेन्‌टिव्ह. चौकोनी खोलीच्या चार कमानींवर गोल घुमट बसवायचा तर कमानी आणि घुमट यांच्यामध्ये, प्रत्येक कोपऱ्यात, एक जागा उरते. ती भरायला वर रुंद आणि खाली निमुळता होत खांबाच्या टोकाशी येऊन मिटणारा वाकलेला त्रिकोण बांधतात. घुमटाचं सगळं वजन तोच गोळा करतो आणि खांबात सोडतो. खालून पाहिलं तर तो वरून लोंबल्यासारखा दिसतो. नावाचा मूळ अर्थही लोंबणारा असाच. हे मला आज इतकं नीट सांगता येतं, कारण मी ते डब्यावर इतक्या वेळा पाहिलं आहे.

अर्थ सांगून झाला की सर उच्चाराकडे वळायचे. "म्हणा एकदा," ते म्हणायचे. वर्ग म्हणायचा. "जोर पहिल्यावर नाही. जोर मधल्यावर. पेन्‌-डेन्‌-टिव्ह. म्हणा एकदा."

आमची मुलं मारेगाव, राळेगाव, झरीकडून येणारी. कोणी 'पेंडंट' म्हणायचं, कोणी 'पेंडुलम'. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारा एक मुलगा घरी गोरबोली बोलायचा, शाळेत मराठी शिकला आणि इंग्रजी त्याने आमच्याकडेच पहिल्यांदा मनावर घेतली होती. तो म्हणाला, "सर, दातात अडकते."

"अडकू दे," सर म्हणाले. "फक्त मध्ये अडकू दे."

त्यांच्या फोनमध्ये एक शब्दकोश होता. त्यातली बाई शब्द म्हणून दाखवायची. सर फोन उंच धरून पूर्ण वर्गाला ऐकवायचे, मग मागच्या बाकांपर्यंत चालत जाऊन पुन्हा ऐकवायचे. शिक्षकांच्या खोलीत त्या आवाजाला आम्ही 'सरांच्या पाहुण्या' म्हणायचो.

एकदा मी विचारलं की सर, मुलांना अर्थ कळला तर उच्चाराचं एवढं काय? त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले की ते स्वतः राळेगावजवळच्या खेड्यातले. नागपूरला एका सरकारी कॉलेजात मुलाखतीला गेले होते. त्यांना घुमटाबद्दल विचारलं. त्यांना सगळं येत होतं. त्यांनी फळ्यावर चित्र काढलं, ओझं कसं उतरतं ते बाण काढून दाखवलं आणि तोंडाने तो शब्द चुकीचा म्हटला. शिवाय मध्ये कुठेतरी 'मले वाटते' म्हणून गेले. समोरच्यांपैकी एकजण हसला, मग त्याच्या शेजारचाही.

"चित्र बरोबर होतं," सर म्हणाले. "पण लोक आधी ऐकतात, मग बघतात."

त्यानंतर त्यांनी आपल्या बोलण्यातून 'मले, तुले' काढून टाकलं. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते पुस्तकासारखं बोलत. घरीही तसंच.

घरी काकू होत्या. मारेगावच्या कापूसवाल्या शेतकरी घरातल्या, बोलायला मोकळ्या. सरांचं घर आमच्याच गल्लीत, समोरच्या ओळीत. मुलगा बंगळुरूला नोकरीला. काकू अंगणात काही निवडत बसलेल्या असल्या आणि मी फाटकासमोरून गेले की हमखास हाक यायची, "कुठी चालली बाप्पा? ये ना, चहा घे." सर आतून म्हणायचे, "कुठे. कुठी नाही, कुठे."

"पाह्यलं?" काकू मला म्हणायच्या. "लगन झालं तवापासून मी यांच्या शाळेतच हाये. पास काही होऊन नाही राह्यली."

त्या घुमटाच्या शब्दाला काकू 'पेंडी' म्हणायच्या. गुरांपुढे टाकतात ती कडब्याची पेंडी. "आज पेंडी टाकली का पोरायले?" सर कॉलेजातून आले की विचारायच्या. सरांनी सुरुवातीला दुरुस्त केलं असेल. माझ्या वेळेपर्यंत ते फक्त चप्पल काढून आत जायचे.

सरांची एक गोष्ट मला तेव्हा फार आवडली होती, ती सांगते. शहराबाहेर एका शेतात जुनी कबर आहे. कोणाची ते आता कोणाला सांगता येत नाही. चौकोनी खोली आणि वर लहानसा घुमट. सर वर्षानुवर्षं वर्गात सांगायचे की पुस्तकातलं दूरचं कशाला, आपल्या इथेच पेन्‌डेन्‌टिव्ह आहे. एकदा आम्ही सर्व्हेच्या सरावाला मुलांना त्याच बाजूला घेऊन गेलो. सरही आले. दारात वाढलेली बाभूळ तोडून मुलं आत शिरली, मागून सर. मी बाहेर यंत्र लावत होते. आतून बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी डोकावले. सर कोपऱ्यात मान वर करून उभे होते.

कोपऱ्यात लोंबता त्रिकोण नव्हता. एक लहान कमान कोपऱ्यावर आडवी टाकलेली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. अशा कमानीला दुसरं नाव आहे, स्क्विंच. चौकोनाचे कोपरे कापून त्याचा अष्टकोन करायचा आणि त्यावर घुमट ठेवायचा. काम तेच, रीत वेगळी.

"हे ते नाही," सर म्हणाले.

ते खाली बसले. मुलं त्यांच्याकडे बघत होती. "मी आत कधी आलोच नव्हतो," ते म्हणाले. "रस्त्यावरून घुमट बघितला आणि ठरवलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही वर्षांच्या वर्गांत जाऊन ते सांगितलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्याचं काहीच देणंघेणं नव्हतं, तरी सांगितलं. बाहेरच्या फलकावर सूचना लावू का, असंही त्यांनी प्राचार्यांना विचारलं. प्राचार्य म्हणाले, "राहू द्या ना सर."

काकूंना ही गोष्ट इतकी आवडली की आल्यागेल्याला त्या सांगत. "इतके साल दुसऱ्याच्या कोपऱ्याले आपला म्हनत होते."

आणि एक तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आले होते. झरीकडची एक मुलगी आत गेली. शांत मुलगी, घरी कोलामी बोलणारी. परीक्षकांनी तिच्या वहीतला घुमट बघून विचारलं, याला काय म्हणतात? तिने सांगितलं, जोर बरोबर मधल्यावर. परीक्षक म्हणाले, "पेन्डन्टाइव्ह. नीट बोलायला शिका." मुलीने सरांकडे बघितलं. नियमाप्रमाणे सर तिथे नुसते बसायला होते, त्यांनी बोलायचं नसतं.

"सर," ते परीक्षकांना म्हणाले, "म्हणा एकदा."

परीक्षकांना कळलं नाही. सरांनी खिशातून फोन काढला आणि पाहुण्यांना बोलायला लावलं. पाहुण्या दोनदा बोलल्या. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला. ती मुलगी जेमतेम पास झाली. सरांना प्राचार्यांनी बोलावून घेतलं. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "तिचं नुकसान झालं माझ्यामुळे." त्या मुलीला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मार्क काय, येतील पुढच्या वेळेस."

हे सगळं आधीचं.

काकूंना पक्षाघात झाला तेव्हा सर वर्गात होते. शेजारच्यांनी फोन केला. काकू तुळशीपाशी पडल्या होत्या, भांडं हातात तसंच. सर हातावरचा खडू न पुसता निघाले आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. कपड्यावर राहिलेला खडूचा पांढरा डाग मला दवाखान्यात दिसला आणि मी तो झटकला. तेव्हा मला काय वाटलं ते मला आठवत नाही. डाग आठवतो.

यवतमाळहून नागपूर. तिथे पुष्कळ दिवस. काकू वाचल्या. उजवा हात आणि पाय लुळे झाले, आणि बोलणं गेलं. आवाज होता, समजत सगळं होतं. शब्द येत नव्हता. सर सांगायचे, "ओठांपर्यंत येतो. मला दिसतो. बाहेर येत नाही."

बोलणं शिकवणारी एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने सरांना सांगितलं की रोज सराव घ्या, वस्तू हातात द्या, नाव म्हणून दाखवा, घाई करू नका. आणि घरात जी भाषा बोलता तीच बोला. लहानपणापासून कानावर पडलेले शब्द आधी परत येतात.

सर मला हे शिक्षकांच्या खोलीत सांगत होते. डबा समोर बंद होता. "घरात कोणती भाषा बोलतो आम्ही?" ते म्हणाले. "ती एक बोलायची, मी एक."

त्यांनी रजा काढली, मग अर्ध्या पगाराची काढली, मग परत आले. सकाळी स्वयंपाक करून, काकूंचं सगळं आवरून यायचे आणि चारला धावत जायचे. मधल्या वेळात एक बाई काकूंजवळ बसायची. मी संध्याकाळी भाजी द्यायला जायची. दारातूनच आवाज यायचा.

"पाणी. म्हण एकदा. पा-णी."

काकू त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. ओठ जुळायचे, उघडायचे. "प," व्हायचं. मग नुसता श्वास.

"ठीक आहे. ग्लास. म्हण एकदा."

ते चिडायचे नाहीत. वर्गात जसे शब्दाच्या मागे लागायचे, तसेच इथेही. दिवस जात राहिले. एकदा काकूंनी डाव्या हाताने ग्लास घेतला आणि भिंतीवर फेकला. सरांनी फरशी पुसली, ग्लास उचलला आणि चेपला तर नाही ना ते बघितलं. "ग्लास," ते म्हणाले. मी भाजी ओट्यावर ठेवून घरी आले. जेवले, वर्गाचं वेळापत्रक बघितलं, झोपले. असं होतं त्या दिवसांत. समोर काही घडायचं आणि ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही.

ज्या दिवशी शब्द आला त्या दिवशी मी तिथे होते. सर पोळ्या करत होते. त्यांच्या पोळ्या कोणत्याच आकाराच्या व्हायच्या नाहीत. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. सरांचं बोट तव्याला लागलं.

"अवं माय," ते ओरडले, "पोळलं ना माहं बोट."

हे सरांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते, तेवढ्यात मागून आलं, "काहून?"

स्वच्छ. अगदी पूर्वीच्या आवाजात.

सरांनी गॅस बंद केला. ते वळले नाहीत. पाठमोरेच उभे राहिले आणि मग रोज बोलतात तशा आवाजात म्हणाले, "काहून म्हंजे? ध्यान नोतं माहं."

काकू हसल्या. अर्धाच चेहरा हसला. सरांनी बोट नळाखाली धरलं, बराच वेळ धरलं, आणि मग गॅस लावून उरलेल्या पोळ्या केल्या. मला म्हणाले, "तू बस. जेवूनच जा." मला ते 'तुम्ही' म्हणायचे. त्या दिवसापासून 'तू' झालं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "काहून म्हणाली." बस उशिरा आली हे सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर त्यांनी घरी पुस्तकी बोलणं सोडलं. मी संध्याकाळी गेले की आतून आवाज यायचा, "पानी पाह्यजे का तुले? कायले उठून राह्यली? मी देतो ना." सुरुवातीला ते अडखळायचे, कारण इतक्या वर्षांनी त्यांनाही शब्द शोधावे लागत होते. कधी काकूच मान हलवून नाही म्हणायच्या आणि ते दुसऱ्या तऱ्हेने म्हणून बघायचे. काकूंचे शब्द येत गेले, सुटे सुटे. 'मले'. 'नाही'. 'चहा'. 'जेव'. कधी भलताच शब्द यायचा. पंखा म्हणायचं असेल तर 'मीठ' यायचं, आणि आपण चुकलो हे त्यांना लगेच कळायचं. तेव्हा त्या डोळे मिटून घ्यायच्या. सर उठून पंखा लावायचे आणि म्हणायचे, "समजलं मले. चालते."

कॉलेजात बदल झाला तो मला मुलांकडून कळला. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. "मॅडम, सर आता टोकत नाहीत."

"मग बरं आहे की."

"नाही ना मॅडम," ती म्हणाली. "आम्ही चुकीचं म्हटलं तरी पुढे जातात."

मी एकदा त्यांच्या वर्गाच्या दारात थांबले. फळ्यावर घुमट होता. एका मुलाने शब्द वाचला, पार मोडून वाचला. "पेंडेटी." वर्ग वाट बघत होता. सर म्हणाले, "बरं. अर्थ सांग." मुलाने अर्थ सांगितला, तुटक, पण बरोबर. कोपऱ्यातलं ते लोंबते सर, वरचं वजन खांबात टाकते. सर म्हणाले, "बस." आणि फळा पुसायला लागले. फोन टेबलावर पालथा पडला होता.

मी त्यांना याबद्दल काही विचारलं नाही. एका दुपारी त्यांनीच सांगितलं. "इतकी वर्षं ती बोलत होती आणि मी उच्चार ऐकत होतो," ते म्हणाले. "काय बोलली ते आठवत नाही."

मी चहा मागवला.

मग तो रविवार. दिवाळीची सुट्टी संपत आली होती, थंडी नुकती पडायला लागली होती. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटक वाजलं. काकू होत्या, एकट्या. एकट्या त्या रस्ता ओलांडायच्या नाहीत. डाव्या हाताने फाटक धरलं होतं, पदर खांद्यावरून घसरलेला होता.

"काकू? काय झालं?"

त्यांनी तोंड उघडलं. ओठ जुळले. "चहा," त्या म्हणाल्या.

"या ना. ठेवते चहा. सर कुठे आहेत?"

"चहा," त्या म्हणाल्या. आणि डोळे मिटले. पुन्हा उघडले. "चहा. चहा." मग त्यांनी डाव्या हाताने आपल्या तोंडावर मारलं. एकदा, आणि परत एकदा.

त्यांच्या पायात चप्पल नव्हती. मी हातातला ओला टॉवेल तिथेच टाकला आणि रस्ता ओलांडून धावले.

सर पुढच्या खोलीत खुर्चीवर होते. मान थोडी बाजूला, वर्तमानपत्र मांडीवर. स्टुलावर कपभर चहा, बशीत सांडलेला. काकूंनी तो डाव्या हाताने करून आणला होता. सरांनी घेतला नव्हता. त्यावर साय धरली होती. मी त्यांच्या हाताला हात लावला आणि मला कळलं.

काकू मागून आल्या. त्या दारात थांबल्या, माझ्याकडे बघत. त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं होतं. मला सगळे शब्द येत होते आणि मी एकही म्हटला नाही. मी मान हलवली. काकू हळूहळू पाय ओढत आल्या, त्यांनी स्टुलावरचा कप उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

डॉक्टर म्हणाले की झोपेत जावं तसे गेले, कोणी काही करू शकलं नसतं. मुलगा रात्री पोचला. नातेवाईक आले, राळेगावकडून आणि मारेगावकडून. खुर्च्या आल्या, तंबू आला. मी लोकांना पाणी दिलं, फोन केले, पत्ता सांगितला. "डावीकडे वळा, पिठाच्या गिरणीपासून दुसरी गल्ली." हे मी खूप जणांना सांगितलं. माझा आवाज चांगला निघत होता. रडू आलं नाही. तेरवीपर्यंत येईल असं वाटत होतं. तेरवीला मी वाढायला होते, आणि बुंदी कमी पडते की काय एवढंच डोक्यात होतं.

मुलाने काकूंना बंगळुरूला चल म्हटलं. काकूंनी मान हलवली. तिकडे कोणाशी बोलणार? मारेगावहून भाऊ आला होता, तो म्हणाला, "आक्का आपल्या घरी येईन." काकू त्याच्या गाडीत बसल्या. सामान थोडंच होतं. घर आता भाड्याने दिलं आहे. अंगणात मोटारसायकली असतात.

सरांचा विषय मला मिळाला. सर्व्हेचा माणूस ड्रॉइंग शिकवू शकतो, असं प्राचार्य म्हणाले, आणि नवीन माणूस घेणार कुठून, आता मुलं तरी किती उरली आहेत. घुमटाचा धडा आला. मी चित्र काढलं, शब्द फळ्यावर लिहिला, एकदा म्हटला आणि पुढे गेले. एका तासात धडा संपला. कोणी काही विचारलं नाही.

काकूंना भेटायला मी कापसाच्या दिवसांत मारेगावला गेले. भावाचं घर रस्त्यालगत. भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच ठेवलेला, पुढची खोली खिडकीपर्यंत पांढरी. आत जायला भिंतीला चिकटून जावं लागत होतं. काकू मागच्या पडवीत तुरीच्या शेंगा डाव्या हाताने सोलत होत्या. मला बघून त्यांनी शेंगा बाजूला केल्या आणि माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

"आता बोलतात बऱ्यापैकी," भावजय म्हणाली. "एखाद-दोन शब्द. लेकराईले हाका मारतात. चुकते मधात, पन आमाले समजते."

काकूंनी मला जेव म्हटलं. जेवण झालं. भावजय पोळ्यांवर पोळ्या वाढत होती. काकू माझ्या ताटाकडे बघत बसल्या. सरांचं कोणीच काही बोललं नाही. भिंतीवर त्यांचा फोटो होता, ओळखपत्रासाठी काढलेला मोठा केलेला. त्यात ते फार गंभीर दिसत होते.

चारच्या एसटीने मला निघायचं होतं. भाऊ शेतात होता. मी एकटी जाते म्हटलं, पण काकू उठल्या. भावजयीने नको म्हटलं तरी त्यांनी चप्पल घातली. थांबा जवळच आहे, तरी आम्हाला पुष्कळ वेळ लागला. उजवा पाय ओढत त्या चालत होत्या, मी त्यांच्या त्या बाजूला. समोरून कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जात होत्या आणि रस्त्याच्या कडेला, बाभळींच्या काट्यांना, कापसाचे पुंजके लागून राहिले होते.

थांब्यावर आम्ही उभ्या राहिलो. लांबून एसटी दिसली. काकूंनी माझ्या पिशवीचा बंद डाव्या हाताने नीट केला.

"हे असते," त्या म्हणाल्या. थांबल्या. "हे असते त सोडाले आले असते."

बोलणं गेल्यानंतर त्यांचं पूर्ण वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यात एकही शब्द चुकला नव्हता. काकूंनी डोळे मिटले नाहीत. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं.

एसटी थांबली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरने घंटी मारली. मी बाहेर बघितलं तेव्हा काकू वळल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेकडेने घराकडे चालत होत्या. मागून एक कापसाची गाडी येत होती. गाडीवाल्याने बैल आवरले, आणि त्या पुढे जाईपर्यंत तो थांबून राहिला.